चाळीस फ्लॉप्या आणि एक सुई

माझ्या हातून आयुष्यात एकच काम अगदी बिनचूक झालं, आणि त्याच कामापायी माझ्या दिराचं लग्न मोडता मोडता राहिलं.

मी चौथी पास. चौथीनंतर शाळा सुटली आणि मशीन आली, शिवायची. ब्लाऊज, परकर, पोरींचे फ्रॉक. लोकांशी बोलायची मला भारी लाज. गिऱ्हाईक बाई आली की मान खाली घालून मापं घ्यायची आणि मान खाली घालूनच वहीत लिहायची. (समोरच्या गल्लीतल्या एका बाईला दोन वर्षं माझा चेहरा ठाऊक नव्हता, भांग ठाऊक होता.)

माझे दीर, प्रकाश भाऊजी, तंत्रनिकेतनात मास्तर होते. ते आणि त्यांचे दोन मित्र वर्षभर एकाच कामाच्या मागे लागले होते. मला त्यांनी ते असं समजावलं: कॉम्प्युटर सुरू केला की तो नुसता डबा असतो. उठायचं कसं, लिहिलेलं ठेवायचं कुठं, हे त्याला कोणीतरी आधी शिकवावं लागतं. ते शिकवणं एका काळ्या चौकोनी फ्लॉपीत भरलेलं असतं. बाजारातली तशी फ्लॉपी शाळांना परवडत नाही, म्हणून यांनी स्वतःची बनवली होती. आणि ती ते फुकट वाटणार होते! वर, ज्याला मिळेल त्याने तिच्यावरून आणखी काढाव्या आणि पुढे वाटाव्या.

"अन् तुमाले काय भेटन याच्यात?" मी विचारलं.

"मले सुनंदा भेटन, वहिनी."

सुनंदा म्हणजे मौद्याच्या एका हेडमास्तरांची मुलगी. भाऊजींचं आणि तिचं पक्कं होतं, फक्त हेडमास्तरांचं कच्चं होतं. जो माणूस वर्षभर राबतो आणि केलेलं फुकट वाटतो, त्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही अशी त्यांना शंका होती. शेवटी त्यांनी अट घातली. रविवारी दुपारी तंत्रनिकेतनात चाळीस शाळांचे मास्तर फ्लॉप्या घ्यायला येणार होते, त्यात तेही येणार. त्यांनी स्वतःच्या हाताने फ्लॉपी घालायची. कॉम्प्युटर उठला तर लग्नाचं बोलणं, नाही उठला तर सुनंदाला दुसरं स्थळ.

आठवडाभर भाऊजी कॉलेजात बसून एकेक फ्लॉपी भरत होते आणि तपासत होते. पहिली भरली ती त्यांनी मला आणून दिली. म्हणाले, वहिनी, हा पहिला मान तुमचा. आमच्या घरी कॉम्प्युटर सोडा, टीव्हीसुद्धा नव्हता. पण मी ती लग्नाच्या शालूच्या घडीत घालून पेटीत ठेवली.

मग त्यांनी मला काम सांगितलं. फ्लॉपीला धूळ चालत नाही, आणि मास्तर लोक एसटीने जाणार. तर प्रत्येकीला एक कापडी पिशवी शिवायची, आत फ्लॉपी, ती कशी चालवायची त्याचा कागद, आणि वरून टिचबटण. मला कॉम्प्युटरचं काम! मी हुरळून गेले. शिलाईचे उरलेले तुकडे काढले. हिरवा पॉपलिन, निळं परकराचं कापड, आणि ते संपल्यावर फुलाफुलांचं छीट.

आमच्या यांनी दारातून पाहिलं आणि विचारलं, "काहून वं, कॉम्प्युटरले परकर शिवून राहिली का?"

मी मशीन चालवत राहिले. (उत्तर मनातल्या मनात दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

पिशव्या वेळेत झाल्या, शनिवारी रात्री भाऊजींनी घरी आणलेल्या फ्लॉप्याही मी आत भरल्या, पण टिचबटणं हाताने लावायची होती. रविवारी सकाळी चांगलं लुगडं नेसून, निघायच्या तयारीत बसूनच मी शेवटची पाच-सहा बटणं लावली. काम संपलं आणि सवयीप्रमाणे सुया मोजल्या.

हा माझा नेम. काम झालं की सुया मोजायच्या. सात असायला पाहिजेत. सहा होत्या.

शिवणारीच्या घरात हरवलेली सुई म्हणजे सुटलेला विंचू. ती शोधायला माझ्याकडे एक लोहचुंबक होता, जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेला, भाकरीएवढा. तो जमिनीवर फिरवला की सुई टक्क करून चिकटते. मी जमिनीवरून फिरवला, चटईवरून फिरवला, चिंध्यांवरून फिरवला. सुई नाही.

मग माझं लक्ष पिशव्यांकडे गेलं. सुई पिशवीत गेली असणार! चाळीसातल्या कोणत्या तरी एका पिशवीत. आणि माझं नशीब मला माहीत होतं. ती पिशवी हेडमास्तरांच्याच हाती लागणार, होणाऱ्या व्याह्याच्या बोटातून रक्त येणार आणि भाऊजींचं लग्न माझ्या सुईने मोडणार.

म्हणून मी एकेक पिशवी घेतली आणि तिच्यावरून चुंबक फिरवला. पुढून, मागून, कडेकडेने. टक्क आवाज येतो का म्हणून कान लावून. चाळीस झाल्या, सुई नाही. घाईत सुटली असेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून, या वेळी हळूहळू. ज्या मूळ फ्लॉपीवरून बाकीच्या काढल्या होत्या, ती भाऊजींनी वेगळी कागदात गुंडाळून ठेवली होती. तिच्यावरून तीनदा फिरवला, घरची म्हणून.

दुपारी सभागृह भरलेलं. मी दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसले. सुई दिसलीच कुठे तर असावा म्हणून चुंबक थैलीत होता. हेडमास्तर पुढे गेले. उंच, वाळलेला माणूस, चष्म्याला दोरी. फुलाफुलांच्या छिटाची पिशवी त्यांच्याच वाट्याला आली होती. त्यांनी टिचबटण उघडलं (मी डोळे मिटले), फ्लॉपी काढली, बोट शाबूत होतं.

फ्लॉपी आत गेली. मशीन कुरकुरलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि तिथेच थांबली.

भाऊजी म्हणाले, एखादी खराब निघते. दुसरी घातली. तीच ओळ. तिसरी, चौथी, मूळची. तीच ओळ. सातव्या फ्लॉपीला भाऊजींचा सदरा पाठीला चिकटला होता.

हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "प्रकाशराव, फुकट आहे ते कळलं. आत काही आहे का?"

लोक हसले. भाऊजींचा मित्र त्यांना विचारू लागला, घरी कुठे ठेवल्या होत्या, उन्हात होत्या का, जवळपास चुंबक वगैरे तर नव्हता? चुंबक फिरला की आतलं सगळं पुसलं जातं.

"चुंबक कायले असन गा घरी?" भाऊजी म्हणाले.

माझी थैली मांडीवर एकदम मणभर झाली. चाळीस मास्तरांसमोर चालत जाणं म्हणजे माझ्यासाठी मरणच. पण सुनंदा पहिल्या रांगेत बसली होती आणि तिचा पदर तोंडाशी गेला होता. मी उठले, पुढे गेले आणि तो भाकरीएवढा चुंबक टेबलावर ठेवला.

"भाऊजी, मी सुई शोधून राहिली होती."

"कशात?"

"सगळ्यात."

भाऊजींनी चुंबक हातात घेतला. "एक डाव?"

"दोन डाव," मी म्हटलं. आणि खोटं बोलायची सवय नाही म्हणून मूळवालीवरून तीन डाव, तेही सांगितलं.

भाऊजी खुर्चीवर बसले. वर्षभराचं काम मी नीट झाडून-पुसून साफ केलं होतं. मग माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "माझीवाली हाय ना. पेटीत. तिच्यावरून नाई फिरवला."

आमचे हे सायकल दामटत घरी गेले आणि शालूसकट फ्लॉपी घेऊन आले. (घडी उकलायला भीती वाटली म्हणे.) मला चुंबक घेऊन बाहेर, पार फाटकापर्यंत जायला सांगण्यात आलं. मी तिथे उभी असताना आतून टाळ्या ऐकू आल्या. कॉम्प्युटर उठला होता, हेडमास्तरांच्याच हाताने. मास्तर लोक चहा घेत बसले आणि भाऊजी माझ्या फ्लॉपीवरून पुन्हा चाळीस भरू लागले.

थोड्या वेळाने हेडमास्तर फाटकाशी आले. हातात ती छिटाची पिशवी. मी मान खाली घातली.

"बाई, शिलाई छान आहे," ते म्हणाले. "लग्नाचं बोलायला पुढच्या रविवारी येतो. सुई सापडली का?"

"नाई जी."

त्यांनी चष्मा चढवला, जरा वाकले आणि म्हणाले, "मग ती डाव्या खांद्यावर पदरात खोचलेली कोणती?"

हिरवा दोराही तिला तसाच लोंबत होता.

लग्न थाटात झालं. सुनंदा माझी लाडकी जाऊ आहे. पण आजही घरात किल्ली हरवो, चष्मा हरवो की रेशनकार्ड, ती आधी माझे दोन्ही खांदे तपासते, मग बाकीचं घर.