पेटीतला हात

चाचणीला पेटी लागली की काका शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडायचे आणि उजवा हात आत ठेवून बसायचे. चांगला अर्धा तास! तापमानाचा आकडा समोर दिसत असायचा, पण त्याच्याकडे ते ढुंकून बघत नसत. "बाळाला आकडा कळत नाही, बाय. ऊब कळते," म्हणायचे.

हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात कमी दिवसांच्या बाळांसाठी उबदार पेट्या बनतात. ऊब सांभाळणारा सी भाषेतला प्रोग्राम काकांनी लिहिलेला. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा जुनी छोटी चिप मिळेनाशी झाली होती, प्रोग्राम नव्या चिपवर न्यायचा होता. पण गावोगावच्या दवाखान्यांत जुन्या पेट्या चालूच होत्या, त्यांनाही तोच द्यायचा. म्हणून काकांचा हट्ट, तो सगळीकडे नांदला पाहिजे. माझ्या कॉम्प्युटरवर चालतोय म्हटलं की शांतपणे विचारायचे, "बाळाला तुझ्या कॉम्प्युटरवर झोपवायचंय का?" अस्सा राग यायचा मला!

दशांशाची गणितं जुन्या चिपला जड जायची. काकांच्याच सांगण्यावरून मी ती पूर्णांकात आणली. सदतीस अंशांचे तीनशे सत्तर करायचे, मग शंभराने गुणायचं. प्रोग्राम पळायला लागला. माझ्या कॉम्प्युटरवर झकास, नव्या चिपवर झकास. मी तर हवेतच होते.

मग जुनी पेटी लावली. काका हात घालून बसले आणि गावच्या फणसांबद्दल बोलत राहिले. मध्ये मी विचारलं, ऊब कशी आहे? बरी आहे, म्हणाले. थोड्या वेळाने सहज वळून पाहिलं तर हात मनगटापर्यंत लालभडक. मी धावत जाऊन वायर उपटली.

चूक माझीच. तेहतीस अंशांच्या आसपास माझा गुणाकार जुन्या चिपमध्ये मावेना, आकडा उलटून उणे झाला. बाळ गारठलंय असं समजून पेटी तापतच गेली.

मी रडकुंडीला आले होते. काका मात्र आपल्याच बोटांना चिमटे काढून बघत होते. मधुमेह जुना, पण बोटं बधिर झाल्याचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"तुझं काय, गुणाकाराला मोठी जागा दे, झालं," म्हणाले. "माझं बघ. मला कळलंच नाही गं."

महिनाअखेरीस त्यांनी काम सोडलं. मालकांनी परोपरीने अडवलं, प्रोग्राम काय हाताने सुचतो का म्हणाले. काका ऐकेनात. माझ्या चुकीमुळे ते काम सोडून गेले, हे मला अजून खुपतं.

आता ते रत्नागिरीकडे, गावी असतात. परवा पुन्हा चिप बदलली. काकांचा प्रोग्राम तिच्यावर एका दुपारी बसला. मग जुनी पेटीही लावली, बाही दुमडली, हात आत ठेवला. अर्ध्या तासाने काकांना फोन केला आणि आकडा सांगितला. "आणि ऊब?" त्यांनी विचारलं.

मी डोळे मिटले. "आईच्या कुशीएवढी आहे, काका."

"मग दे पाठवून," ते म्हणाले.