वाजवत पोचवणारे मास्तर

मास्तरांचा उजवा पाय कधी स्वस्थ बसला नाही. हायडेलबर्गच्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत आमची पहिली भेट झाली, तेव्हा प्रथम मला त्यांचा पायच दिसला. टाच टेकलेली, चवडा फरशीवर ताल धरून. पाच मिनिटांत समोरच्या बाकावरील दोन अनोळखी स्त्रिया माना हलवू लागल्या. मी समज दिली, "अहो, कचेरी आहे ही." ते नम्रपणे म्हणाले, "भाऊसाहेब, पाय माझा आहे, ताल वडिलांचा. त्यांना कोण सांगणार?"

त्यांच्या हातातील अर्जात मी तेथेच चार त्रुटी दाखवल्या. करमाळ्याच्या तहसील कचेरीसमोर मी अठरा वर्षे अर्ज लिहिले आहेत. पत्नी हायडेलबर्गच्या रुग्णालयात परिचारिका म्हणून रुजू झाली आणि मी तिच्यासोबत आलो. मॅट्रिकपुढील शिक्षणाची उणीव मला ना तेथे भासली, ना येथे. मसुदा माझा आणि त्याचे जर्मन भाषांतर पत्नीचे, ही व्यवस्था गावातील मराठी मंडळींना चांगली ठाऊक होती. त्या दिवसापासून मास्तरांचा सर्व पत्रव्यवहार माझ्याकडे आला.

मास्तर बार्शीच्या लग्नबँडवाल्यांच्या घरातले, म्हणून 'मास्तर'. येथे यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला आले, ते बॅगेत वडिलांची क्लॅरिनेट घेऊनच. त्यांच्या वरच्या मजल्यावर अमेरिकन छावणीतून निवृत्त झालेले एक वृद्ध वादक राहत. त्यांनी मास्तरांच्या हाती सॅक्सोफोन दिला आणि रिदम अँड ब्लूज शिकवले. मास्तरांना ते परके वाटलेच नाही. ते म्हणत, "हे आमच्याच बँडचं आहे. रडायचं ते गाण्यात, पाय थांबू द्यायचा नाही." बार्शीला भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्या वहिनी कीबोर्डवर बसल्या, धाकटा ओंकार ड्रमवर आणि थोरली जुई गायला उभी राहिली. समूहाचे नाव ठेवले 'घरचे'. चौघांचे लाल कोट, सोनेरी झालरीसह, बार्शीच्या शिंप्याने शिवून पाठवले.

गणेशोत्सवाच्या संमेलनापासून सुरुवात झाली. पुढे जर्मन लोकांची लग्ने, गल्लीतले उन्हाळी उत्सव, नेकार नदीकाठचा मंच, असे दर शनिवारी कोठे ना कोठे 'घरचे' असत. यशाचे रहस्य विचारले, तर मास्तर गंभीर होत. "चार मात्रांत जर्मन माणूस टाळी एक आणि तीनवर देतो. ती दोन आणि चारवर आणायला मला अकरा वर्षं लागली. बाकी सगळं सोपं होतं."

मास्तरांच्या वडिलांच्या बँडचा एक नियम होता. ज्याला वाजवत आणले, त्याला वाजवत त्याच्या दारापर्यंत पोचवायचे. मंडपातच वादन थांबवणाऱ्या बँडला त्यांच्याकडे मान नव्हता. मास्तरांनी हा नियम जर्मनीत आणला. शेवटचे गाणे सुरू झाले, की ते मंचावरून उतरत आणि सॅक्सोफोन वाजवत आयोजकाला त्याच्या गाडीपर्यंत सोडून येत. वाद्यांना जखडलेले वहिनी आणि ओंकार मंचावर हताशपणे वाजवत राहत. आयोजक बहुधा गाडीने आलेला नसे, परंतु तो संकोचाने कोणत्या तरी गाडीजवळ जाऊन उभा राही. जुई चिडे, "पापा, बिटे. वरच थांबा ना. पाइनलिश होतं मला. सगळे बघतात."

"बघायलाच आलेत ते," मास्तर म्हणत. "लाज वाटली तर डोळे मीट. तोंड उघडं ठेव."

घरी आलेल्या पाहुण्यांनाही तोच नियम. आम्ही पतिपत्नी रविवारी जेवून निघालो, की मास्तर जिन्यावरून वाजवत पुढे, इमारतीच्या आवारातून फाटकापर्यंत. ट्रामचा थांबा फाटकाबाहेरच होता. अशा तिसऱ्या जेवणानंतर हाउसफरवाल्टुंगचे, म्हणजे इमारतीच्या व्यवस्थापनाचे पत्र आले. रविवारच्या शांततेचा भंग झाल्याची तळमजल्यावरील आजीबाईंची तक्रार होती आणि पुन्हा असे घडल्यास भाडेकराराचा विचार करावा लागेल, असा इशारा होता. मी सविस्तर उत्तर दिले. त्यावर तळघरात आठवड्यातून दोन दिवस, पाच ते सात, सरावाची मुभा मिळाली. जिन्यात आणि आवारात मात्र वाद्य कायमचे बंद झाले.

मास्तरांनी तो आदेश काटेकोर पाळला. पाहुणे निघाले, की ते रिकाम्या हातांनी फाटकापर्यंत येत. पाय तेवढा ट्राम येईपर्यंत चालू असे.

मग जुईला दूर हेर्त्सोगेनआउराख गावी बुटांच्या मोठ्या कंपनीत नोकरी लागली. मास्तर वहिनींना घेऊन माझ्याकडे आले, ते अर्ज लिहून घ्यायलाच.

"तिच्या कंपनीला लिहा, भाऊसाहेब. दर शुक्रवारी दुपारी तिला मोकळं करा म्हणावं. ती आमची गायिका आहे. ती नसली तर 'घरचे' संपलं."

येथे वडिलांच्या अर्जाला कंपनी दाद देत नाही, हे मला ठाऊक होते. तरीही मी सात मुद्द्यांचा मसुदा केला आणि तो उत्तम झाला होता. मी तो वाचून दाखवला. मास्तरांनी सहीसाठी पेन घेतले. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "अहो, जुईला विचारलंत का?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"मला जायचंय म्हणाली. आणि रडली."

"गाण्यात?"

"नाही," मास्तर म्हणाले. "अशीच."

खोलीत काहीतरी कमी झाल्यासारखे मला वाटले. मी टेबलाखाली पाहिले. मास्तरांचा पाय थांबला होता. इतक्या वर्षांत मी तो प्रथमच थांबलेला पाहत होतो.

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "हा राहू द्या. दुसरा लिहा, हाउसफरवाल्टुंगला. ती शनिवारी सकाळी निघते. जिन्यापासून फाटकापर्यंत, दहा मिनिटं."

त्या अर्जात मी एकच मुद्दा लिहिला. मुलगी घर सोडून जात आहे. चौथ्या दिवशी उत्तर आले. तळमजल्यावरील आजीबाईंची हरकत नसल्यास दहा मिनिटे मंजूर. मास्तर स्वतः त्यांच्या दारी गेले. आजीबाईंनी फक्त वेळ विचारून घेतली.

शनिवारी चौघेही लाल कोटात होते. जुईने तो नाइलाजाने घातला होता. ओंकारने गळ्यात एकच ड्रम अडकवला आणि वहिनींनी भजनातले टाळ घेतले. "पापा, बिटे," जुई जिन्यात एकदा म्हणाली. मास्तरांनी सॅक्सोफोन ओठांना लावला. आवाराच्या मध्यावर तिने आपली सूटकेस माझ्या हाती दिली आणि ती गाऊ लागली. डोळे वाहत होते आणि आवाज जरासुद्धा हलत नव्हता. आजीबाई इमारतीचे दार पाठीने उघडे धरून उभ्या होत्या आणि टाळ्या देत होत्या. एक आणि तीनवर. मास्तरांनी त्या दिवशी त्या दुरुस्त केल्या नाहीत.

ट्रामची दारे मिटेपर्यंत जुई गात होती. ट्राम वळली, तेव्हा मंजूर वेळेतील एक मिनिट शिल्लक होते. मास्तरांनी ते वापरले नाही. परत येताना फाटकाशी ते थांबले.

"भाऊसाहेब, ती यायची असेल तेव्हा थांब्यावरून घरी आणायला वाजवायचं, तर वेगळा अर्ज लागेल?"

"लागेल."

"मग आजच लिहून ठेवा. तारीख मोकळी सोडा."

पुढे पत्नीची बदली झाली आणि आम्ही उंटरश्लाइसहाइमला आलो. निघताना आम्हांलाही फाटकापर्यंत पोचवले गेले. त्यासाठीचा अर्ज मीच लिहिला होता. आता जुई घरी यायची असली, की मास्तरांचा फोन येतो, "भाऊसाहेब, ईस्टरचा शनिवार." मी प्रत काढतो, तारीख भरतो आणि पाठवतो. फोनमध्ये मागे फरशीवर ठक-ठक ऐकू येत असते. अपुरा कागद जवळ ठेवणे माझ्या शिस्तीत बसत नाही. त्या अर्जाची मूळ प्रत मात्र फाइलमध्ये सर्वांत वर आहे, आणि तिच्यावरील तारखेची जागा मी कोरीच ठेवली आहे.