उघडी मोटार आणि करंजीचा घाट

तिसगावात बानू रज्जाक शेख हिला ओळखत नाही असा ट्रॅक्टरवाला सापडायचा नाही. स्टँडामागच्या पत्र्याच्या दुकानात ती जीपचे हूड, ट्रॅक्टरची छतं, रिक्षाच्या गाद्या शिवते. जाड ताडपत्रीशी झगडून बोटं वाकडी झाली, पण तिची शिवण उसवलेली कुणी पाहिली नाही. दुकानामागे कांद्याची चाळ आहे. त्या चाळीत कांदा नाही. एक लांबलचक, सायीच्या रंगाची, डोक्यावर छप्पर नसलेली मोटार आहे. घमेल्याएवढे दिवे, लाल कातडी गाद्या. पाऊस आलाच तर ओढून घ्यायला मागे घडी घातलेला हूड. तो बानूनेच शिवलेला.

मोटारीचा पहिला मालक कुठल्याशा संस्थानिकाचा भाऊ. विलायतेहून मोटार आली आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की घरातल्या बायका गोषातल्या. उघड्या मोटारीत बसणार कोण? नगरच्या छावणीतल्या एका गोऱ्या डॉक्टरने ती घेतली. तो मायदेशी गेला, तेव्हा ती शेवगावच्या जिनिंगवाल्या राधाकृष्ण शेठकडे आली. शेठचा हिच्यावर जीव, पण हिचा शेठवर नव्हता. नगरला जाताना करंजीच्या घाटात ती हमखास बंद पडायची. मग पुढे बैलजोडी आणि मागे कोट-टोपी घालून ताठ बसलेले शेठ, अशी मिरवणूक माथ्यावर पोचायची. पुढे जिनिंगचं इंजिन सांभाळायला बानूचा नवरा रज्जाक आला आणि त्याच्या हाती ती मुकाट घाट चढू लागली. जिनिंगला कुलूप लागलं त्या दिवशी शेठ म्हणाले, "ने बाबा हिला. माझं कधी ऐकलं न्हाई हिनं."

तेव्हापासून गावाच्या तोंडी ती रज्जाकची मोटार. गेल्या वर्षी रज्जाक गेला, तरी नाव तेच राहिलं.

मग पुण्याहून जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आले. मोटारीखाली उताणे झोपून त्यांनी पत्रा चाचपला आणि चकित होऊन बाहेर आले. "इतक्या वर्षांत गंज कसा नाही?"

शेजारचा कानिफनाथ ट्रॅक्टरला टेकून उभा होता. "गंजायला पाऊस लागतो, सायेब. त्यो आमच्याकडं निस्ता बातम्यांत पडतो."

गृहस्थ हसले. त्यांना मोटार हवीच होती.

चाकणच्या कंपनीतून सुट्टीवर आलेल्या सलमानने रात्री जेवताना विषय काढला. "आम्मी, देऊन टाकू. अब्बांच्या मागं हिला घाट चढवणारा कोन हाय? कोंबड्या अंडी घालाया लागल्यात तिच्यात. त्यो मानूस जपंल तिला."

बानू भाकरी मोडत राहिली. मोटार गेल्यावर चाळ कशी दिसेल, ते तिने मनात पाहून घेतलं. दात पडलेल्या तोंडासारखी दिसली.

"रविवारी नगरला जुन्या गाड्यांचा मेळावा हाय," ती म्हणाली. "मी नेते. घाटात बंद पडली, तर तिथूनच पुण्याला दे."

"आन् चढली तर?"

"तर हा इषय परत काढायचा न्हाई."

चालवायला तिला रज्जाकनेच शिकवलं होतं, बाजारतळावर. शेवगावपर्यंत ती बिनघोर जायची. घाट मात्र तिने नेहमी शेजारच्या गादीवर बसून पाहिलेला.

रविवारी निघताना कानिफनाथ ट्रॅक्टर काढून तयार. "भाभी, मागं येतो. दोर नवा हाय."

"मोटारीला का मला?"

"जी आधी थांबंल तिला!"

करंजी मागे पडली आणि रस्ता चढू लागला. पहिलं वळण तिने हसत घेतलं. दुसऱ्या वळणावर मोटार खोकली, आचके देऊ लागली.

"दाब, आम्मी, दाब!" शेजारच्या गादीवरून सलमान ओरडला.

तिने दाबलं. मोटार आणखी घुसमटली. मागून ट्रकचे हॉर्न सुरू झाले. एवढ्यात तिचा पाय आपसूक सैल झाला. हूड शिवताना कोपऱ्यात ताडपत्रीचे पदर एकावर एक येतात, तिथे मशीन अडतं. तिथे पाय दाबला की सुई मोडते. तिथे पाय उचलायचा असतो.

तिने पाय उचलला.

"काय करतीस? थांबंल ना!"

मोटार क्षणभर चढावर नुसती तोलून राहिली. मग पुढच्या झाकणाखाली कुणीतरी घोट गिळल्यासारखा आवाज झाला. हिची पेट्रोलची टाकी मागे, खालच्या अंगाला. इंजिन तिथून पेट्रोल ओढून घेतं. चढावर सतत दाबून धरलं, की त्याला ओढायला दम उरत नाही. जरा सोडलं, की ते पितं. बानूने पाय ठेवला, मोटार हुंकारून पुढे झाली. पुन्हा आचका आला, पुन्हा तिने उचलला.

रज्जाक असाच अधूनमधून पाय उचलायचा. गुडघा दुखत असेल, असं ती इतकी वर्षं समजत आली होती. घरी गेल्यावर तेल लावून द्यायची. त्यानेही कधी सांगितलं नाही. मुकाट चोळून घ्यायचा, लबाड! बानू एकटीच मोठ्याने हसली.

एकामागून एक वळणं मागे गेली. कानिफनाथचा ट्रॅक्टर धूर ओकत दिसेनासा झाला. माथ्यावरच्या हॉटेलात चहा पिणारी माणसं कप घेऊन रस्त्यावर आली. कुणीतरी शिट्टी मारली, एका म्हातारीने नुसताच हात वर केला. बानू थांबली नाही. सपाट रस्ता लागला, वारं डोक्यावरून सुसाट जाऊ लागलं, पदर मागे फडफडला.

सलमानचा मोबाईल वाजला. पुण्याचे गृहस्थ. "मग काय ठरलं? मालकांशी बोलता येईल का?"

सलमानने एकदा आईकडे पाहिलं आणि मोबाईल तिच्या कानाशी धरला.

"मालकीण गाडी चालवतीय," बानू म्हणाली. "हात मोकळा न्हाई."