इलिशच्या शेजारचं हाड

आमच्या स्वयंपाकघरात पुण्याहून आणलेलं मराठी कॅलेंडर आहे. त्या आठवड्यात त्याच्यावर रविवार सोडून एकच चौकोन लाल होता, दसऱ्याचा, आणि मी डोळे मिटून विश्वास ठेवला. कोलकात्यात येऊन तीन महिने झाले होते. रस्तोरस्ती देवीच्या पूजेचे बांबूचे मांडव उभे राहत होते, ते मला दिसत नव्हते असं नाही. पण मांडव आपल्याकडे गणपतीतही पडतात आणि ऑफिसं चालूच असतात, असा माझा समज. नवऱ्याचं ऑफिस सॉल्ट लेकमध्ये, आणि तिथल्या सुट्ट्या अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या सोयीने ठरतात. त्यामुळे मला सावध करणारं घरात कुणी नव्हतं.

मी नुकतीच एका प्रयोगशाळेत कामाला लागले होते. मुलीच्या जन्मानंतर बारा वर्षं घरी होते. पुण्याच्या माझ्या जुन्या सरांनी शब्द टाकला म्हणून हे काम मिळालं. उत्खननात सापडलेल्या हाडांवरून ती माणसं काय खात होती हे शोधायचं. हाडाचा लहानसा तुकडा सौम्य ॲसिडच्या नळीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा. काही दिवसांत त्यातला टणक भाग विरघळतो आणि मागे मऊ, दुधी काचेसारखं प्रथिन राहतं. त्यातला कार्बन सांगतो की माणूस भात-गव्हावर वाढला की ज्वारी-बाजरीवर, आणि नायट्रोजनवरून ताटात मासे-मांस कितपत होतं याचा अंदाज येतो. मात्र हे सगळं थंडीतच व्हायला हवं. ॲसिडमध्ये ऊब लागली की प्रथिनही विरघळतं आणि हाती काही उरत नाही.

माझ्याकडे आलं होतं एका बाईच्या बरगडीचं टोक. आपल्याच मुलखातलं, नदीकाठच्या एका जुन्या वस्तीतलं, काही हजार वर्षांपूर्वीचं. ते कापायची परवानगी एकदाच मिळाली होती, आणि तीही सरांनी खेटे घालून मिळवलेली. "दुसरा तुकडा मिळायचा नाही. सांभाळ," एवढंच ते म्हणाले होते.

शुक्रवारी संध्याकाळी मी नळीतलं ॲसिड बदललं, नळी फ्रिजमध्ये ठेवली आणि सोमवारी पुढचं बघू म्हणून घरी आले. सोमवारी गेले तर फाटकाला कुलूप.

"अब तो लक्ष्मी पूजा के बाद खुलेगा, मैडम," पहारेकरी म्हणाला. आपलं लक्ष्मीपूजन दिवाळीत, म्हणजे अजून तीन आठवड्यांवर, असा मी हिशोब केला. मग त्याने समजावलं की इथे ती पूजा कोजागिरीला असते. जरा धीर आला तोच तो पुढे म्हणाला, "लाइट भी काट दिया है. पूरा बिल्डिंग. हर साल काटते हैं, आग का डर रहता है ना."

म्हणजे फ्रिज बंद. आणि बाहेर कोलकात्याचा ऑक्टोबर, घामाने पदर भिजवणारा.

प्रयोगशाळेच्या साहेबांची चिठ्ठी आणली तर उघडतो, असं तो म्हणाला. पण चिठ्ठी मागायची म्हणजे साहेबांना फोन करून सांगायचं की मला इथल्या सुट्ट्यासुद्धा ठाऊक नाहीत. फोन हातात घेतला, नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. माझा स्वभावच असा मेला, चूक झाली की तोंड शिवून बसायचं. नवऱ्यालाही सांगितलं नाही. आठवडाभर मुलीने हौसेने शंभर मांडव दाखवले, आणि मी प्रत्येक देवीसमोर हात जोडून एकच मागत होते की हाड विरघळू देऊ नकोस. कोजागिरीचं दूध उतू गेलं तेव्हा मी शेगडीसमोरच उभी होते. बारा वर्षांनी मिळालेलं काम आपण आपल्या हाताने घालवलं, सरांना काय तोंड दाखवायचं, हेच डोक्यात फिरत होतं.

प्रयोगशाळा उघडली त्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचले. फ्रिज उघडला. कोंदट वास आला आणि माझ्या नळीची जागा रिकामी होती. तिथेच स्टुलावर बसले.

तेवढ्यात दीदी आल्या. दीदी म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ, हावड्याहून बोटीने येणाऱ्या. पहिल्या दिवसापासून आमचं फारसं जमत नव्हतं. वहीत फोन नंबर लिही, नळीवर तारीख लिही, असं त्या मागे लागायच्या आणि मला वाटायचं, आम्हाला काय अक्कल नाही? त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं. आत बर्फ, आणि बर्फात माझी नळी.

"कितना फोन किया! नंबर बंद. पागल लड़की, पूजा में कोई हड्डी ऐसे छोड़के जाता है?"

वहीत माझा जुना पुण्याचा नंबर होता. इथे नवीन सिम घेतलं तेव्हा दीदींनी दोनदा आठवण करून दिली होती, आणि मी "लिखती हूँ" म्हणून फटकारलं होतं.

पूजेची सुट्टी लागण्याआधी त्या दर वर्षी सगळे फ्रिज तपासतात. त्या शुक्रवारी मी निघून गेल्यावर त्यांनी नळीतलं ॲसिड ओतून टाकलं, हाड पुन्हा पुन्हा शुद्ध पाण्याने धुतलं, नळी घट्ट बंद केली आणि घरी नेली. त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये ती सबंध सुट्टी इलिश माशाच्या तुकड्यांशेजारी होती. सुनेने विचारलं तेव्हा "दवाई है" म्हणून सांगितलं.

जीव भांड्यात पडला आणि मी चक्क रडायला लागले. मी ज्याच्यासाठी इतके दिवस जीव जाळत होते, ते पहिल्याच संध्याकाळी सुखरूप होतं. साहेबांना नाही तर दीदींना एक फोन केला असता तर कळलं असतं.

पुढचं सगळं आम्ही दोघींनी मिळून केलं. प्रथिन वाळवल्यावर कापसासारखं पांढरंशुभ्र निघालं. मोजणीचा कागद आला तेव्हा मी आधी एकच आकडा बघितला, प्रथिन शाबूत आहे की नाही सांगणारा. शाबूत होतं. मग सरांना फोन करून झालं ते सगळं सांगितलं, मांडवांपासून इलिशपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग."

दीदींना मी कागद वाचून दाखवला. बाई मुख्यतः ज्वारी-बाजरीसारख्या धान्यावर वाढलेली होती. नायट्रोजन मात्र चढा होता, बहुधा नदीतले मासे.

"मछली खाती थी?" दीदी म्हणाल्या. "फिर तो मेरे फ्रिज में आराम से रही होगी."

त्या दिवशी मी वहीत जुना नंबर खोडून नवा लिहिला. दीदींनी वही ओढून घेतली, आकडे एकदा मोठ्याने वाचले आणि माझ्यासमोरच फोन लावून बघितला.