हसू आलं तर उशी धरा

माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा नवऱ्याच्या कंपनीचं काम ऐन भरात होतं. ऑपरेशनला तो आला, मला घरी आणून पलंगावर टेकवलं आणि पुन्हा ओडिशातल्या साइटवर गेला. माझी आई नाशिकला गुडघे धरून बसलेली. मूल आम्हाला नाही. म्हणजे हिंदी मुलखातल्या अधारतालच्या त्या घरात आम्ही दोघंच उरलो: पोटावर तीन चिरा घेऊन मी, आणि माझे सासरे.

बाबा इथल्या तोफांच्या सरकारी कारखान्यात तपासनीस होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याचं काम भिंगाखाली धरून पाहिलं. रिटायर झाल्यावर ते भिंग घरावर आलं. गॅसची नळी, दुधाची पिशवी, इस्त्रीहून आलेले शर्ट, काहीच त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. माझ्याशी मात्र ते फारसे बोलत नसत. सासूबाई होत्या तोवर आमचे निरोप त्यांच्यामार्फत जायचे, त्या गेल्यावर नवऱ्यामार्फत. बाबा बाहेरच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात, आणि ओडिशाला फोन लागायचा, "ती जेवली का रे?" नवरा मग मला फोन करून विचारायचा.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. वयानं लहान, पण बोलणं ठसठशीत.

"टांके कटवाने नहीं आना है. अपने आप घुल जाएँगे."

बाबांनी चष्मा सरळ केला. "अपने आप?"

"जी."

"और चेक कौन करेगा?"

"आप लोग घर पे देखते रहिए, अंकल. लाली, सूजन, मवाद, बुखार, कुछ भी लगे तो फोन कीजिए." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, जखम कोरडी ठेवायची, खाजवायचं नाही, वजन उचलायचं नाही, कपडे सैल घालायचे. "खाँसी, छींक या हँसी आए तो पेट पे तकिया दबा लेना."

घरी येईपर्यंत बाबा रिक्षात डिस्चार्जचा कागद उलटसुलट वाचत होते. कोणी न पाहता एखादी गोष्ट आपली आपण नीट होते, हे त्यांना पटलेलंच नव्हतं. त्यात दुसरी पंचाईत. तपासणी करायची कशी? टाके सुनेच्या पोटावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या दाराबाहेर खाकरल्याचा आवाज आला. पडद्याखालून चपला दिसत होत्या, टाचा माझ्याकडे. बाबा पाठ करून उभे होते.

"लाली?"

मला आधी कळेचना. मग कळलं. "नाही, बाबा."

"सूज?"

"नाही."

"ओल? चिकचिक?"

"काही नाही."

पडद्याच्या फटीतून एक हात आत आला. हातात थर्मामीटर. मी तो लावून परत त्या हातात दिला. हात बाहेर गेला. चपला उजेडाकडे सरकल्या. मग आवाज आला, "पास."

तोफेची नळी याच आवाजात पास होत असणार. मला हसू फुटलं आणि त्याबरोबर पोटात अशी कळ गेली की मी किंचाळलेच.

"काय झालं? काहून ओरडली?"

"काही नाही बाबा, हसले."

"हासून नको राहू नं बेटा. डॉक्टरनं काय सांगितलं?"

"हसू नका असं नाही सांगितलं. हसू आलं तर उशी धरा, असं सांगितलं."

पलीकडे विचार चालल्यासारखं वाटलं. "मंग धर."

झालं. मी उशी पोटाशी कवटाळून तोंडात ओढणी कोंबली. हसायचं नाही असं ठरवलं की कशाकशाचं हसू येतं हे मला त्या दिवसांत कळलं. वरणाच्या वाटीवर झाकलेली दुसरी वाटी पाहूनसुद्धा मला हसू यायचं. बाबा भात करायचे तो इतका मऊ, की एकदा ते बाहेरून म्हणाले, "पेज नाही ती, भात आहे," आणि मी पुन्हा उशीकडे धावले.

मग प्रश्न आला कपड्यांचा. माझ्या सगळ्या सलवारींच्या नाड्या नेमक्या टाक्यांवर काचायच्या. पडद्याकडे तोंड करून मी एवढंच म्हटलं, "बाबा, एखादा सैल गाऊन असता तर बरं झालं असतं."

बाबा स्कूटर काढून थेट बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेले. ज्या माणसानं बायकोसाठी कधी रुमाल आणला नव्हता, तो तिथल्या दुकानात बायकांच्या घोळक्यात उभा राहिला. दुकानदारानं साइज विचारली तेव्हा ते म्हणाले, "ढीला." त्यानं एक दाखवला. "और ढीला." तो आणखी मोठा काढत गेला, बाबा "और" म्हणत गेले. हे सगळं त्यांनी मला पडद्याआडून अगदी गंभीरपणे सांगितलं. शेवटी आत आला तो पोपटी रंगाचा गाऊन. त्यावर माझ्या तळहाताएवढी सूर्यफुलं. अंगात घातला तर शेजारच्या भाभी आणि मी दोघी मावलो असतो. मी आरशासमोर उभी राहिले आणि उशीशिवायच हसले, त्याची शिक्षा लगेच मिळाली.

"बरोबर झाला?" बाहेरून.

"एकदम सैल आहे, बाबा."

"पास," ते म्हणाले. समाधानानं.

असं छान चाललेलं असताना एका सकाळी बेंबीजवळच्या टाक्यातून धाग्याचं एक टोक बाहेर आलेलं दिसलं. बारीक, कडक, मिशीच्या केसासारखं. दुखत नव्हतं, लाल नव्हतं. पण असं काही होईल हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीच्या प्रश्नोत्तरांत मी सांगून टाकलं, "बाबा, धागा बाहेर आलाय."

पडदा हलला. चपला एकदा इकडे, एकदा तिकडे फिरल्या. "हात लावू नको. ओढू तर मुळीच नको. मी आलोच."

ते शेजारच्या भाभींना घेऊन आले. भाभी धिप्पाड, मोठ्या आवाजाच्या, गल्लीतल्या कोणत्याही भांडणात पुढे. बाबांनी त्यांना दाराशी उभं करून काम समजावलं. "भाभीजी, बस देखके बताना है. लाल है कि नहीं, और धागा कितना है."

"अरे भाईसाहब, इसमें क्या है! मैंने तो चार जचकियाँ सँभाली हैं!"

त्या आत आल्या, मी गाऊन वर केला, त्यांनी पाहिलं, "हे राम" म्हणाल्या आणि सावकाश, एखादी भिंत कलावी तशा, माझ्या पायांशी पलंगावर आडव्या झाल्या.

"बाबा! भाभी पडल्या!"

मी उठू शकत नव्हते, भाभींच्या वजनाखाली माझे पाय अडकलेले. मग पहिल्यांदाच बाबा पडदा सारून आत आले, मान भिंतीकडे वळवून, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात फोन. डॉक्टरीणबाईंना त्यांनी व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता.

"दिखाइए, अंकल."

मी दोन्ही हातांनी तो अवाढव्य गाऊन आवरून धरला होता. बाबांनी भिंतीकडे पाहत फोन माझ्या दिशेनं केला.

"अंकल, मुझे पंखा दिख रहा है."

"अब?"

"अब कैलेंडर."

"अब?"

"अब कोई सो रहा है. ये कौन हैं?"

"पड़ोसन हैं," बाबा म्हणाले. "चेक करने आई थीं."

फोनमधून फस्सकन एक आवाज आला. डॉक्टरीणबाई हसू दाबत होत्या. मी उशी शोधत होते आणि ती भाभींच्या डोक्याखाली गेली होती. शेवटी मीच बाबांचं मनगट धरून फोन नीट वळवला.

"ये तो टांके का सिरा है. बिल्कुल ठीक है. खींचना नहीं, काटना नहीं. अपने आप गिर जाएगा. और उन आंटी के पैर थोड़े ऊपर कर दीजिए."

तेवढ्यात भाभींनी डोळे उघडले, भिंतीकडे तोंड करून उभ्या बाबांना पाहिलं, मला पाहिलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "हो गया ऑपरेशन?"

आधी वाटलं बाबांना खोकला आला. खांदे हलत होते, तांब्यातलं पाणी फरशीवर सांडत होतं. मग आवाज फुटला. सासूबाई गेल्यापासून मी तो ऐकला नव्हता. खरं तर त्याआधीही नाही. ते भिंतीला हात टेकून हसत होते, चष्मा काढून डोळे पुसत होते, "अरे, उशी द्या तिला कोणी," म्हणत होते आणि पुन्हा हसत होते. भाभी हसल्या, त्यांच्याबरोबर पलंग हसला, आणि मी दोन्ही हातांनी पोट धरून रडत रडत हसले. दुखलं खूप. थांबावंसं अजिबात वाटलं नाही.

नंतर बाबा पडद्याआडून विचारायचे ते तसेच, पण टाचा आता माझ्याकडे नसायच्या. लाली, सूज विचारून झाली की चहा घेऊन ते आत यायचे, खुर्चीवर बसायचे. तपासायला आलेला कोणी साहेब तोफेच्या नळीत डोकं घालून कसा अडकला होता, असलं काहीबाही सांगायचे. मी आधीच उशी घेऊन बसायचे. एक दिवस अंघोळीनंतर हलक्या हातानं टिपताना धाग्याचं टोक टॉवेलवर आलं. मी ते कागदावर ठेवून बाबांना दिलं. त्यांनी ते भिंगातून खूप वेळ पाहिलं.

"आपोआप," ते म्हणाले. यावेळी त्यात शंका नव्हती, थोडं कौतुकच होतं.

डॉक्टरीणबाईंनी बाहेर पडायची परवानगी दिली त्या संध्याकाळी बाबा मला रिक्षानं खोव्याची जलेबी खायला घेऊन गेले. दुकानापुढे उभं राहून, पाक मनगटापर्यंत ओघळत असताना, मी त्यांना मी नोकरी करते त्या बँकेतल्या साहेबांची नक्कल करून दाखवली. बाबा इतके हसले की बाजूचे लोक वळून पाहायला लागले. नेमका तेव्हाच नवऱ्याचा फोन आला.

"कुठे आहेस? एवढं कोण हसून राहिलंय?"

"बाबा."

त्यानं विचारलं, "कोणाचे?"