रुमालाखालचं उत्तर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. होस्टेलवर मुली प्लँचेट करायच्या तेव्हा मी मुद्दाम वाटी ढकलायचे. त्यात एमबीएच्या प्रवेश परीक्षेसाठी क्वांटची गणितं घोटून घोटून योगायोग कशाला म्हणतात हे मला प्रोबॅबिलिटीच्या धड्यानं चांगलंच शिकवलंय. तेव्हा हसणार असाल तर खुशाल हसा, पण पूर्ण वाचून हसा.

आमचं घर उदगीरला. माझे वडील, म्हणजे अप्पा, जनावरांच्या बाजारातले दलाल. देवणी जातीच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला की त्याची सात पिढ्यांची कुंडली सांगतील, अशी त्यांची ख्याती. गेल्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं — बोललेलं त्यांना कळत नाही, आशा ठेवू नका. दादानं मग व्यायाम करून घ्यायला येणारा माणूस बंद केला. घरात सगळे अप्पांच्या समोरच अप्पांविषयी बोलू लागले... कपाट कुठे सरकवायचं ते बोलावं तसं. मला त्याचा फार राग यायचा. पण खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. आत अप्पा आहेत की नाहीत, एवढंच मला कळायला हवं होतं.

पुण्याची नोकरी सोडून मी घरी आले होते. दिवसा अप्पांच्या बाजेवर बसून मोबाइलवर गणितं सोडवायची, हा माझा अभ्यास. अप्पांच्या अंगावर कायम एक रुमाल असायचा. त्याखालून त्यांचा डावा हात यायचा, माझी बोटं धरायचा, दाबायचा, सोडायचा. पुन्हा धरायचा. आई म्हणायची, "हाताला चाळा लागलाय गं. सोडवून घे अन् अभ्यास कर."

एका दुपारी रज्जाकचाचा आले. चाचा म्हणजे अप्पांचे बाजारातले जुने जोडीदार. बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, किती वेळा दाबली, त्यावरून आकडा कळतो आणि शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. ही भाषा मला येत नव्हती. मुलींना कोण शिकवणार?

चाचांनी सवयीनं रुमालाखाली हात घातला आणि एकदम ताठ झाले.

"या अल्ला! पोरी, ह्यो भाव सांगायलाय!"

"काय?"

"छत्तीस म्हनायलाय. कोन्ता बैल, शिवाप्पा? छत्तीस लई होतेत. तीस घे!"

चाचांनी खरंच रुमालाखाली घासाघीस सुरू केली. अप्पांनी चिडून हात झटकला आणि पुन्हा धरला. पुन्हा छत्तीसच. मला हसू आलं. मग नजर मोबाइलवर गेली आणि हसू जागीच थांबलं. एक नळ पंचेचाळीस मिनिटांत टाकी भरतो, दुसरा एकशे ऐंशी मिनिटांत. दोन्ही मिळून किती मिनिटांत? मी उत्तर काढलं — छत्तीस.

योगायोग, दुसरं काय! मी स्वतःला तेच बजावलं. पण पडताळून पाहायला हवं होतं. मी मोबाइल पालथा ठेवला. "चाचा, आता काय म्हणतात?"

"चोवीस."

मग पुढचा प्रश्न उघडला. सरासरीचा होता. उत्तर चोवीस. तरी हट्टानं मी तो धडा सोडला आणि पार शेवटचा नफा-तोट्याचा काढला. प्रश्न उघडण्याआधीच चाचा म्हणाले, "पासष्ट." शेकडा नफा किती निघाला, ते आता तुम्हीच ओळखा.

जरा विचार करा. अप्पांना इंग्रजी येत नाही, स्क्रीन त्यांना दिसत नव्हता. आकड्यांची भाषा चाचांना येते, पण प्रश्न त्यांना माहीत नाही. प्रश्न माझ्या हातात, पण तो मीच अजून पाहिलेला नाही. तिघांपैकी कुणाकडेच पूर्ण गोष्ट नव्हती. मग ती उत्तरं आली कुठून?... देवळातही मी कधी मनापासून हात जोडले नाहीत. त्या दुपारी बाजेसमोर आपोआप जोडले गेले.

तीसची बोली ऐकून अप्पांनी हात झटकला तेव्हापासून आई दारात उभी होती. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "अहो, म्हंजे... सगळं ऐकायलाव की तुम्ही!" दुसऱ्याच दिवशी दादानं व्यायामवाल्याला फोन केला.

त्यानंतर आकडे कधीच आले नाहीत. चाचांनी चार-पाचदा येऊन हात धरून पाहिला. हात गप्प.

माझी परीक्षा नांदेडला होती. निघताना मी, अगदी लबाडपणानं, रुमालाखाली हात घातला. म्हटलं, जाता जाता दोन-चार उत्तरं मिळाली तर काय वाईट! अप्पांनी एकही बोट दाबलं नाही. माझी अख्खी मूठ धरली आणि धरूनच ठेवली. बस चुकायची वेळ आली तरी सोडेनात. शेवटी आईनं हळूच सोडवली. जरा हिरमुसलेच मी.

चाचा मला सोडायला एसटी स्टँडवर आले होते. त्यांना सांगितलं, "आज आकडा नाही दिला अप्पांनी. नुसती मूठ धरली."

"अख्खी? दाबली न्हाई?"

"नाही."

चाचांनी माझी पिशवी खाली ठेवली. पेपर कसा गेला, कुठे प्रवेश मिळाला, ते सगळं नंतरचं. त्या तीन उत्तरांचा उलगडा मला आजही झालेला नाही, आणि कुणी करून देईल असं वाटत नाही. मुठीचा अर्थ मात्र चाचांनी तिथेच सांगितला.

"बैलाचा मालक तसा हात कवा धरतो, ठावं हाय का पोरी? कितीबी बोली लावा, म्हनतो... ह्ये इकायचं न्हाई."