महादेवाच्या गोमुखातला बोळा

आधीच सांगून ठेवतो, माझं ऱ्हस्वदीर्घ कच्चं आहे. मराठी चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे भारी शब्दही जवळ नाहीत. चुकेल ते सांभाळून घ्या. पण एक अख्खं वर्ष तालुक्यात पाऊस माझ्यामुळे पडतोय असं मी धरून चाललो होतो, ती फजिती सांगायला भारी शब्द कशाला हवेत?

त्या साली मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या. आमच्या निमगावात अशा वेळी देव कोंडतात. म्हणजे महादेवाच्या गाभाऱ्यातलं पाणी बाहेर पडायला जे गोमुख असतं, त्यात बोळा ठासायचा आणि नदीवरून घागरी आणून पिंड बुडेपर्यंत ओतायच्या. देव गुदमरला की पाऊस पाडतो. माझा हात लांब आणि काटकुळा, म्हणून बोळ्याचं काम माझ्याकडे आलं. माझ्याच जुन्या मुंडाशाचा बोळा केला आणि कोपरापर्यंत हात घालून ठासला.

चुलते म्हणाले, "पाऊस आला का आठवणीनं काढ रं. देव कोंडून ठिवायचा नसतो."

दोन-चार दिवसांत पाऊस आला. सगळे पेरणीला पाभर घेऊन रानात पळाले, मीही पळालो. बोळा कुणाच्या लक्षात राहतो?

मला तो आठवला मघा नक्षत्रात, नदीचं पाणी महादेवाच्या पायऱ्यांना लागलं तेव्हा. असा पूर बघितला नाही, असं म्हातारी माणसं म्हणत होती. मी मान खाली घालून उभा. तुम्ही म्हणाल, मग जाऊन काढायचा की! अहो, देवळासमोरच्या पारावर गावची वडीलधारी मंडळी दिवसभर बसलेली, आणि रात्री गुरव देवळातच निजलेला. त्यांच्यादेखत गोमुखात हात घालणं म्हणजे कबुलीच. मला नुसता रामराम घालतानाही घाम फुटतो. देवळात पाय टाकायची छाती होईना, रस्त्यावरूनच हात जोडायचो.

मग दसऱ्याच्या सुमारास कापून पडलेली बाजरी भिजली, कणसांना जागच्या जागी मोड आले. ऐन पौषात ढग दाटले आणि हरभऱ्यावर अळी पडली. आळे गावच्या बाजारात लोक एकमेकांना विचारत, यंदा आभाळाला झालंय तरी काय? मी गूळ घेत उभा, आणि मनात म्हणे, मला ठाऊक आहे. भीती होतीच. पण खोटं कशाला बोलू, आतून थोडी ऐटही होती. सगळ्या तालुक्याचं आभाळ माझ्या मुंडाशावर अडलेलं! कधी नवल वाटे, ओतूरला पाऊस कमी का? तिथवर बोळ्याचा जोर पोचत नसेल का?

वैशाखात माझं लग्न निघालं, आमच्याच दारी. मुलगी ओतूरची. सासऱ्यांकडची मंडळी गाड्या घेऊन आली, मला हळद लागली, आणि शिरूरच्या अंगाला आभाळ काळं झालं. वारा सुटला, मांडव डुलायला लागला. मला वाटलं, आता मांडव जाणार आणि त्याच्याबरोबर सोयरीकही. मी मुंडावळ्यांसकट उठलो आणि देवळाकडे धूम ठोकली.

मागे एकच गिल्ला झाला, नवरा पळाला म्हणून. करवल्यांनी गळा काढला. सासरे अनवाणीच माझ्या मागे.

मी गोमुखापाशी चिखलात पालथा पडून खांद्यापर्यंत हात घातला. बोळा काही लागेना. तेवढ्यात गुरव बाहेर आला.

"काय हुडकतोस रं?"

"बोळा," मी म्हणालो. "गेल्या साली देव कोंडला व्हता. काढायचा राहिला."

"तो व्हय? तो मी त्याच सांजंला काढला. पाणी तुंबून माझं अंथरूण भिजलं व्हतं. पर फडकं लई चांगलं, अजून समया पुसतोय. पारावर सांगू नगंस मात्र."

त्याच सांजेला. म्हणजे पहिला थेंब पडायच्याही आधी! पूर, बाजरी, अळी, सगळं माझ्या हातून एकदम गेलं. सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा होता. खरं सांगू? जरा वाईटच वाटलं.

सासरे धापा टाकत मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चिखलानं माखलेल्या माझ्या हळदीकडे बघून ते म्हणाले, "म्हंजी लग्नातनं पळाला न्हाई ना? मग चला. येडा चालंल, पळपुटा नगं."

गारा पडल्याच. अक्षता आणि गारा डोक्यावर एकदमच आल्या, पण लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड परत निघालं. सासऱ्यांनी चारचौघांत विचारलं, "जावईबापू, गाड्या जुंपू का? का आणखी कुठं बोळा हाये?"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी परसातून गुपचूप देवळाकडे गेलो, गोमुखात पुन्हा हात घातला. रिकामं होतं. मग परत आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा छाती काढून सगळ्यांना सांगितलं, "खुशाल जुंपा. आज थेंब पडत न्हाई."

वऱ्हाड नदी ओलांडायच्या आतच भिजून चिंब झालं.